कारवीच्या रानातला ब्लू ओकलीफ कसा ओळखावा

ब्लू ओकलीफ शोधायला निघालेली मंडळी पानासारखं फुलपाखरू शोधत बसतात. सातारा जिल्ह्यातल्या बामणोली-तापोळ्याच्या रानात वाळकी पानं काय कमी आहेत? आधी तो उडताना दिसू द्या. पायवाटेच्या कडेनं निळं काहीतरी उसळतं, वेडंवाकडं जातं आणि झुडपात पडल्यासारखं गडप होतं. मागे धावू नका. ज्या फांदीपाशी गेला तिच्यावरची नजर हलवू नका, दोन मिनिटं थांबा आणि आपली सावली त्याच्यावर पडणार नाही अशा बाजूनं जा.

पंख मिटले की मागच्या पंखाची बारीक शेपटी देठासारखी दिसते, पुढच्या पंखाचं टोक पानाचं टोक होतं आणि देठापासून टोकापर्यंतची गडद रेघ मधली शीर. बुरशीसारखे ठिपकेसुद्धा असतात! खालचा रंग मात्र प्रत्येकाचा वेगळा, म्हणून त्यावरून नाव ठरवू नका. जवळून पाय मोजा: चारच दिसतात, पुढची जोडी आखूड असते.

खात्री वरच्या बाजूनं होते. पंखविस्तार 85 ते 120 मिलिमीटर, रंग गडद निळा, पुढच्या पंखाचं टोक काळपट आणि त्याच्या आत तिरका फिकट पट्टा. मादीचा पट्टा जास्त पांढरट, टोक जास्त लांब. पट्टा नारिंगी असेल तर तो ऑरेंज ओकलीफ, मुख्यतः हिमालय आणि ईशान्येकडचा. इथं तशी नोंद करण्याआधी फोटो पुन्हा बघा. इव्हनिंग ब्राऊन या फुलपाखराशीही गल्लत होते, पण तो तपकिरी, तिन्हीसांजेला जमिनीलगत उडणारा. त्याच्यात निळा रंग नसतो.

फुलांवर याची वाट बघू नका. झाडाचा पाझरणारा डिंकरस, गळून आंबलेली उंबरं, सडका फणस, इथं बघा. खासगी मालकीच्या रानात आमिष म्हणून तीन-चार पिकलेली केळी आणि चमचाभर गूळ कालवून, दोन दिवस झाकून आंबवा. सावलीतल्या खोडाला छातीच्या उंचीवर थापा. उन्हात ते वाळतं, पावसात वाहून जातं, आणि रात्री ठेवलंत तर अस्वलं बोलावल्यासारखं होतं. संध्याकाळी पुसून टाका. कोयना-चांदोलीच्या व्याघ्र प्रकल्पात हा उद्योग मुळीच नको.

सुरवंट गडद, अंगभर फांदीदार काट्यांचा. तो कारवीच्या झुडपांवर वाढतो. कारवी साधारण आठ वर्षांनी एकदम फुलते आणि मरते. असा वाळलेला पट्टा सोडून हिरव्या कारवीत शोधा.