दुसरं रजिस्टर गेलं कुठे?

कार्डाच्या चिपसाठी पिन चुकल्याची मोजणी मी दोन रजिस्टरांत, म्हणजे चिपमधल्या छोट्या स्मृतिकप्प्यांत, ठेवली होती. दोन्ही जुळली नाहीत की अलार्म. सिम्युलेशन चोख. एफपीजीएवर, म्हणजे हवं ते सर्किट भरून तपासता येणाऱ्या चिपवर, हल्लेखोरासारखं व्होल्टेज क्षणभर पाडून पाहिलं, मोजणी बिघडली, अलार्म मात्र ढिम्म! दोन दिवस तुलनेच्या कोडमध्ये डोकं घातलं. शेवटी नेटलिस्ट, म्हणजे तयार सर्किटमधल्या भागांची आणि जोडण्यांची यादी, उघडली: रजिस्टर एकच, अलार्मची वायर थेट शून्याला बांधलेली. कोडचं सर्किट बनवणाऱ्या सिंथेसिस टूलला दोन्ही सारखी दिसली, त्यानं एक उडवलं. त्याचंही बरोबरच म्हणा, काटकसर हेच त्याचं काम.

दुसऱ्यात उलटे बिट ठेवले, पण तेवढ्यानं भागत नाही, टूल तेही ओळखू शकतं. म्हणून दोन्हींवर 'डोन्ट टच', म्हणजे टूलनं हात लावू नये अशी खूण, लावलं. आता प्रत्येक बिल्डनंतर स्क्रिप्ट नेटलिस्टमधले फ्लिपफ्लॉप, म्हणजे रजिस्टरचा एकेक बिट धरणारे घटक, मोजते.