जादूचा प्रयोग बघायला जाताना

निम्मी मजा तिकीट काढतानाच ठरते. मोठ्या नाट्यगृहात पहिल्या रांगेचा हट्ट नको. तिथे मान वर करून बसावं लागतं आणि पेटीतून माणूस गायब होतो तेव्हा सगळा रंगमंच एका नजरेत मावत नाही. चौथी ते आठवी रांग, मधल्या खुर्च्या उत्तम. कडेची खुर्ची स्वस्तात मिळाली तरी टाळा. बरंचसं सामान समोरून बघण्यासाठीच बेतलेलं असतं. बाजूने नको ते दिसतं आणि विरस होतो. पत्ते-नाण्यांचा प्रयोग मात्र दोन-तीन मीटरवरूनच बघावा. दहाव्या रांगेतून बदाम सत्ती आणि चौकट सत्ती सारखीच.

तीन-चार वर्षांच्या आतलं मूल नेऊन फारसं काही साधत नाही. वस्तू अशी नाहीशी होत नसते, हे पक्कं ठाऊक असलं तरच नवल वाटतं. अंधार आणि अचानक होणाऱ्या आवाजाने ते रडण्याचीच शक्यता जास्त.

प्रयोग सुरू झाला की ‘कसं केलं?’ हा प्रश्न बाजूला ठेवा. आधी काय होतं, तेवढं मनात पक्कं करा: डबा रिकामा, रुमाल लाल, रिंगा सुट्या. नंतरचा बदल त्यामुळेच ठसतो. रिंगेतली फट शोधत बसलात तर ती दुसरीत अडकते तो क्षणच हुकतो. आणि शेवटापर्यंत थांबा. १९५६ मध्ये प्रसिद्ध भारतीय जादूगार पी. सी. सरकार यांनी बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमात करवतीने मुलगी कापण्याचा खेळ केला. ती पुन्हा उठून उभी राहण्याआधीच कार्यक्रम संपवला गेला आणि घाबरलेल्या प्रेक्षकांच्या फोनची रीघ लागली.

रंगमंचावर बोलावलं आणि पत्ता काढायला सांगितलं, तर आकडा आणि रंग दोन्ही मनात दोनदा म्हणा. दाखवायला सांगितलं तर पत्ता छातीजवळ धरून शेजाऱ्याला दाखवा. दोघांच्या लक्षात राहिलेला बरा. परत ठेवायचा तो सांगितलेल्या जागी. आपणहून कॅट पिसायला घेऊ नका. सगळ्यात जास्त घोळ होतो तो विसरण्याचा. ऐन वेळी ‘बहुतेक किलवर होतं’ म्हटलं की जादूगाराची सगळी मेहनत पाण्यात. मुद्दाम खोटं सांगणारेही भेटतात. त्यात हुशारी कसली? अंगठी मागितली तर साधी द्या, आजीची नको. नोट दिली तर नंबराचे शेवटचे तीन आकडे आधी लक्षात ठेवा, म्हणजे ती परत मिळाल्यावर ताडून बघता येते.

‘पुन्हा करा!’ असं ओरडू नका. दुसऱ्यांदा नजर कुठे ठेवायची हे तुम्हाला कळलेलं असतं, म्हणून जादूगार सहसा नकार देतो. तो स्वतःहून पुन्हा करू लागला तर मात्र सावध व्हा: बऱ्याचदा रीत बदललेली असते, आणि पहिल्या खेपेला बांधलेला तुमचा अंदाज तिथेच कोसळतो. जाणकारांची खरी चैन ती.

‘वॉटर ऑफ इंडिया’ हा लोट्याचा खेळ असेल तर तो सोडू नका. लोटा पूर्ण रिता करून बाजूला ठेवतात, मध्ये दुसरे खेळ होतात, मग त्याच लोट्यातून पुन्हा पाणी. पहिल्या दोन वेळा लोक टाळ्याही धड वाजवत नाहीत. चौथ्या-पाचव्या वेळेला जादूगार नुसता लोट्याकडे वळला तरी सभागृहात हशा उसळतो.