शेअर ब्रोकर गैरव्यवहार करील का? धोका कसा जोखावा

म्हापशात किंवा मडगावात 'शेअर ब्रोकर' अशी पाटी लावून बसलेला माणूस बहुतेक वेळा ब्रोकर नसतोच. तो ब्रोकरचा ऑथराइज्ड पर्सन, म्हणजे अधिकृत प्रतिनिधी असतो. 'सब-ब्रोकर' हा प्रकार सेबीने (शेअर बाजाराची नियामक संस्था) 2019 सालीच मोडीत काढला, शब्द मात्र बोलण्यात राहिला.

म्हणून आधी दोन नावे तपासा. ब्रोकरचा सेबी नोंदणी क्रमांक 'आयएनझेड'ने सुरू होतो. तो सेबीच्या संकेतस्थळावर पाहा. ऑथराइज्ड पर्सनचे नाव एनएसई किंवा बीएसई या शेअर बाजारांच्या (एक्स्चेंजच्या) यादीत शोधा आणि पत्ताही जुळवा. ब्रोकरविरुद्धच्या तक्रारींचे आकडे एक्स्चेंजवर मिळतात, पण ग्राहकसंख्येच्या प्रमाणात वाचा. लाखो ग्राहकांच्या ब्रोकरकडे शंभर तक्रारी आणि छोट्याकडे शंभर, यांत फार फरक आहे.

पैसे कोणाच्या खात्यात जातात, हे पाहा. ऑथराइज्ड पर्सनला स्वतःच्या नावावर ग्राहकाचे पैसे किंवा शेअर घेता येत नाहीत. 'माझ्या खात्यात टाका, मी भरतो' असे तो म्हणाला, की तिथूनच परत फिरावे. ठरावीक परताव्याची हमी दिली तरी तेच.

मग खात्यावर नोंदवलेला मोबाइल आणि ईमेल पाहा. गैरव्यवहार लपतो तो बहुधा इथे. तारवटी सात-आठ महिने बोटीवर असतो, घरी आईवडिलांना ॲप जमत नाही, मग सोयीसाठी ऑफिसातल्याच कोणाचा तरी नंबर घातला जातो. त्यानंतर ओटीपी, कॉन्ट्रॅक्ट नोट (सौद्याची पावती), एक्स्चेंजचे एसएमएस, सगळे त्याच्याकडेच. दोन्ही नोंदी आपल्याच हव्यात.

सही करताना जुन्या पद्धतीची पॉवर ऑफ ॲटर्नी, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करण्याचे मुखत्यारपत्र, देऊ नका. कार्व्ही या ब्रोकर कंपनीच्या प्रकरणात ग्राहकांचे शेअर परस्पर गहाण टाकले गेले, ते याच अधिकाराचा गैरवापर करून. सेबीने नोव्हेंबर 2019 मध्ये कारवाई केली. आता त्याजागी मर्यादित अधिकाराचा डीडीपीआय हा दस्तऐवज आहे, आणि तोही ऐच्छिक. तो न देता विक्रीच्या वेळी ओटीपी देणे जमत असेल, तर तेच बरे.

खाते चालू झाले की दलालीचा हिशेब करा. भांडवल 5 लाख, महिन्याची उलाढाल 60 लाख, दलाली 0.3 टक्के: महिन्याला 18,000 रुपये, वर्षाला 2,16,000. म्हणजे भांडवलाच्या 43 टक्के दलालीतच गेले. जीएसटी आणि एसटीटी (शेअर सौद्यांवरचा कर) वेगळेच. तुम्ही न सांगता एवढी खरेदी-विक्री होत असेल, तर ती ब्रोकरच्या कमाईसाठी आहे.

दर महिन्याला ब्रोकरचे होल्डिंग स्टेटमेंट सीडीएसएल किंवा एनएसडीएलच्या (या डिपॉझिटरींकडे आपले शेअर डिमॅट खात्यात नोंदलेले असतात) स्टेटमेंटशी ताडा. ब्रोकरने पाठवलेला एक्सेल तक्ता पुरावा नव्हे. शेअर कमी दिसले किंवा 'प्लेज्ड' (गहाण) दिसले, तर कारण लेखी विचारा. पडून राहिलेले पैसे तुम्ही निवडल्याप्रमाणे महिन्याला किंवा तिमाहीला बँकेत परत यायला हवेत. ते थकू लागले, तर ब्रोकरकडे रोखीची ओढाताण असू शकते.

न सांगितलेला सौदा दिसला, तर त्याच दिवशी ब्रोकरच्या कंप्लायन्स (नियमपालन) अधिकाऱ्याला ईमेल करा आणि ऑर्डरचे रेकॉर्डिंग मागा. गप्प राहिलात, तर पुढे 'ग्राहकाची संमती होती' असा बचाव होतो. उत्तर पटले नाही, तर सेबीच्या स्कोअर्स या तक्रार पोर्टलवर तक्रार करा. तिथे 21 दिवसांत उत्तर अपेक्षित असते. त्यानंतर स्मार्ट ओडीआर, म्हणजे ऑनलाइन तंटा सोडवण्याचे पोर्टल. दरम्यान शेअर आपल्याच नावाच्या दुसऱ्या डिमॅटमध्ये हलवा. खाते बंद करून हलवल्यास त्याचे शुल्क लागत नाही.