चिंचेच्या ओंडक्यातून रुंद फळ्या काढताना

नाशिकच्या वखारीत चिंचेचा जाड ओंडका चिरायला नेताय? आधी दोन्ही तोंडांना, म्हणजे कापलेल्या टोकांना, ऑइलपेंटचे दोन जाड हात द्या. लाकडातलं पाणी तोंडातून सगळ्यात वेगाने उडतं, चिरा तिथूनच आत धावतात. ओंडक्याच्या मधोमध दिसणारा गाभ्याचा ठिपका एकाच मधल्या फळीत येईल असा काप घ्या. ती फळी बहुधा फाटतेच. गाभा काढून तिच्या दोन अरुंद फळ्या करा. टेबलासाठी 2 इंच जाड फळी हवी असेल तर अडीच इंच जाड चिरा, आकसणं आणि रंधा दोन्ही धरून. आपल्याकडचं एप्रिलचं ऊन फार वाईट, फळ्यांची थप्पी सावलीतच लावा. दोन फळ्यांच्या मध्ये ठेवायच्या कोरड्या लाकडी पट्ट्या बरोबर एकाखाली एक हव्यात, नाहीतर फळी तिथेच वाकते. वर दगडांचं वजन. वाळायला इंचाला साधारण 1 वर्ष धरा.