जुन्या, स्वस्त लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकताय? या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे मुलांच्या ॲडमिशनच्या वेळी घेतलेले, सहाव्या-सातव्या पिढीचा आय३, ४ जीबी रॅम आणि १ टीबी हार्ड डिस्क असलेले कितीतरी लॅपटॉप एका दिवसात जुने ठरले. ते भंगारात जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं. म्हणून नात्यातले, शेजारपाजारचे असे लॅपटॉप मी लिनक्स मिंटवर, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवर, आणून देतो. प्रत्यक्ष इन्स्टॉलेशन अर्ध्या तासाच्या आत उरकतं आणि त्यात सहसा काही बिघडत नाही. बिघडतं ते त्याच्या आधी, घाईत.

पुढचं सगळं मिंट २२ ची एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपची) आवृत्ती धरून लिहिलं आहे. ती उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर उभी आहे, तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील आणि ४ जीबी रॅमवर ती मिंटच्याच सिनॅमन आवृत्तीपेक्षा हलकी चालते.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

लॅपटॉप सुरू व्हायला पाच मिनिटं लागतात, एक फोल्डर उघडेपर्यंत चहा होतो, म्हणून लोक लिनक्सकडे येतात. अशा बहुतेक लॅपटॉपमध्ये मिनिटाला ५४०० फेरे घेणारी हार्ड डिस्क असते आणि खरं दुखणं तिथे असतं. त्याच डिस्कवर मिंट टाकलं तर थोडा फरक पडेल, पण ब्राउझर उघडताना तेच रडगाणं ऐकू येईल. मग माणूस म्हणतो, 'लिनक्समध्ये काही राम नाही.'

आधी २४० किंवा २५६ जीबीची अडीच इंची, साटा जोडणीची एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवा. बहुतेक जुन्या लॅपटॉपमध्ये मागचं झाकण काढलं की डिस्क चार स्क्रूवर असते. याचा दुसरा फायदा मला वेगापेक्षाही मोठा वाटतो: जुनी डिस्क बाहेर निघाली की विंडोज, फोटो, हिशेबाच्या फाइली सगळं जसंच्या तसं तिच्यात राहतं. इन्स्टॉलरमध्ये काहीही चुकीचं दाबलं गेलं तरी तिला धक्का लागत नाही. मिंट पटलं नाही तर तीच डिस्क परत लावायची. एक यूएसबी-साटा केबल घेतली तर जुन्या डिस्कवरचा डेटा हवा तेव्हा नव्या व्यवस्थेत उघडतो.

अगदी स्वस्त लॅपटॉपमध्ये मात्र ३२ किंवा ६४ जीबीची ईएमएमसी साठवण बोर्डावरच सोल्डर केलेली असते. ती बदलता येत नाही. मिंटला किमान २० जीबी जागा लागते, त्यामुळे ३२ जीबीच्या लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवण्याचा हट्ट धरू नका. एकच निवडा.

'माझं सगळं डी ड्राइव्हला आहे'

हे वाक्य ऐकलं की मी हातातलं काम थांबवतो.

आपल्याकडे दुकानात लॅपटॉप 'फॉरमॅट मारून' आणायची सवय आहे. दुकानदार फक्त सी ड्राइव्ह पुसतो, विंडोज पुन्हा टाकतो, डी ड्राइव्ह तसाच ठेवतो. वर्षानुवर्षं हेच पाहिल्यामुळे डी ड्राइव्ह म्हणजे तिजोरी असा समज पक्का झालेला असतो. पण सी आणि डी हे बऱ्याचदा एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. मिंटच्या इन्स्टॉलरमध्ये 'इरेज डिस्क अँड इन्स्टॉल लिनक्स मिंट' हा पर्याय निवडला तर कप्पे नव्हे, अख्खी डिस्क पुसली जाते.

आमच्या ओळखीतल्या एका शिक्षकांच्या बाबतीत हेच झालं. त्यांच्या पुतण्याने हौसेने मिंट टाकून दिलं आणि नऊ वर्षांच्या प्रश्नपत्रिका, मुलीच्या लग्नाचे फोटो सगळं गेलं. लॅपटॉप माझ्याकडे आला तेव्हा त्यांनी तो दोन दिवस वापरला होता. फोटोरेक या मोफत साधनाने बरेच फोटो परत मिळाले, पण ते साधन फाइलच्या आतल्या खुणांवरून शोधतं, त्यामुळे मूळ नावं आणि फोल्डर येत नाहीत. हजारो फोटो, सगळे क्रमांकाच्या नावाने. सर एकेक उघडून बघत बसले होते, ते अजून आठवतं.

असं झालंच तर पहिली गोष्ट: लॅपटॉप बंद करा. नवीन काही लिहिलं जाईल तसतसं जुनं कायमचं जातं. नंतर पेनड्राइव्हवरून लाइव्ह मिंट (डिस्कवर न टाकता चालणारं) सुरू करून, फोटोरेकला सापडलेल्या फाइली दुसऱ्या डिस्कवर काढा. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर ही आशा असते. एसएसडीवर फार कमी असते, कारण पुसलेली जागा ती ट्रिम नावाच्या सोयीने स्वतःच रिकामी करते.

लिनक्समध्ये सी, डी अशी नावंच दिसत नाहीत. तिथे एसडीए१, एसडीए२ किंवा एनव्हीएमईने सुरू होणारी नावं येतात. म्हणून विंडोज चालू असतानाच डिस्क मॅनेजमेंट उघडा आणि प्रत्येक कप्प्याचा आकार कागदावर लिहून ठेवा. इन्स्टॉलरमध्ये आकारावरूनच ओळख पटते.

दोन्ही ठेवायचे असतील तर

मिंटसाठी जागा मोकळी करायची ती विंडोजमधूनच, डिस्क मॅनेजमेंटच्या 'श्रिंक व्हॉल्यूम'ने. त्याआधी 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. ते चालू असताना शटडाउन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं. मग मिंटमधून त्या कप्प्यात फाइल ठेवायला गेलात तर तो फक्त वाचता येतो, लिहिता येत नाही.

दुसरी गोष्ट बिटलॉकरची, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीची. घरगुती विंडोजमध्येही 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' मालकाच्या नकळत चालू असू शकतं. बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट, म्हणजे फक्त सही असलेली व्यवस्था सुरू होऊ देणारी सोय, बदललं की पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती सहसा मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते, पण ते खातं कोणत्या ईमेलवर उघडलं होतं हेच कित्येकांना आठवत नाही. बायोसला हात लावण्याआधी ती की कागदावर उतरवा, नाहीतर एन्क्रिप्शन बंद करून घ्या.

पेनड्राइव्ह

मिंटची डाउनलोड केलेली आयएसओ (संपूर्ण इन्स्टॉलर असलेली) फाइल पेनड्राइव्हवर कॉपी-पेस्ट केली तर लॅपटॉप तिच्यावरून सुरू होणार नाही. रुफस किंवा बलेनाएचर या मोफत साधनाने ती 'लिहावी' लागते आणि त्यात पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं जातं. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. आयएसओ जवळपास ३ जीबीची असते आणि मोबाइल डेटावर उतरवताना अर्धवट राहू शकते, म्हणून मिंटच्या संकेतस्थळावर दिलेला एसएचए२५६ आकडा (फाइल पूर्ण आल्याची खूण) उतरवलेल्या फाइलशी जुळवून पाहा. ते जमलं नाही, तर पेनड्राइव्हच्या मेन्यूतला 'इंटिग्रिटी चेक' तरी चालवा.

लॅपटॉप सुरू होताना बूट मेन्यूसाठी (पेनड्राइव्ह निवडायला) डेल आणि लेनोव्होवर एफ१२, एचपीवर एफ९, असुसवर एस्केप. एसरवरही एफ१२च, पण बऱ्याच मॉडेलमध्ये तो आधी बायोसमधून चालू करावा लागतो.

मिंट सुरू होताना पडदा काळाच राहिला, तर लॅपटॉप खराब आहे असं समजू नका. त्याच मेन्यूतला 'कम्पॅटिबिलिटी मोड' निवडून पुन्हा सुरू करा.

'इन्स्टॉल'च्या चिन्हाला लगेच हात लावू नका

पेनड्राइव्हवरून मिंट सुरू झालं की डेस्कटॉपवर इन्स्टॉलचं चिन्ह दिसतं. अर्धा तास त्याच्याकडे दुर्लक्ष करा. या अवस्थेत डिस्कवर काहीही लिहिलं जात नाही, त्यामुळे निर्धास्त वापरून पाहता येतं. वाय-फाय जोडा, गाणं लावा, कॅमेरा उघडा, ब्लूटूथवर इअरफोन जोडा, टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकवा, झाकण मिटून पुन्हा उघडा. बोटाचा ठसा वाचणारी खिडकी चालली नाही तर नवल नाही, तिच्याशिवाय काम अडत नाही. पण झाकण उघडल्यावर लॅपटॉप जागाच होत नसेल, तर ते आत्ताच कळलेलं बरं.

बजेट लॅपटॉपमध्ये सर्वात जास्त त्रास वाय-फायचा. रिअलटेकच्या बहुतेक चिप आता कर्नलमधूनच (लिनक्सच्या गाभ्यातूनच) चालतात. ब्रॉडकॉमच्या काही जुन्या चिपना, उदाहरणार्थ बीसीएम४३१४२ ला, वेगळा ड्रायव्हर लागतो. आणि तो उतरवायला नेट हवं! इथे पुष्कळ जण हार मानतात. त्यांच्या खिशातच उत्तर असतं: अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. फोन घरच्या वाय-फायवर असेल तर तेच नेट लॅपटॉपला मिळतं, मोबाइल डेटा जात नाही. मग 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडायचा आणि सुचवलेला ड्रायव्हर घ्यायचा.

सिक्युअर बूट चालू असेल तर एक पायरी हमखास निसटते. इन्स्टॉलर मध्येच एक पासवर्ड ठरवायला सांगतो. रीस्टार्ट झाल्यावर निळा पडदा येतो, त्यावर 'परफॉर्म एमओके मॅनेजमेंट' असं लिहिलेलं असतं आणि तो काही सेकंदांत निघून जातो. लोक त्याला एरर समजून सोडून देतात. तिथे कळ दाबून 'एनरोल एमओके' निवडायचं आणि तोच पासवर्ड द्यायचा. ते राहिलं तर ड्रायव्हर टाकलेला दिसतो पण वाय-फाय चालत नाही, आणि कारण काही केल्या सापडत नाही.

डिस्कच दिसत नाही

अकराव्या पिढीपासूनच्या इंटेल लॅपटॉपवर, म्हणजे तुलनेने नव्या स्वस्त मॉडेलवर, हे वारंवार घडतं. इन्स्टॉलरला पेनड्राइव्ह दिसतो, आतली एसएसडी दिसत नाही. एसएसडी बिघडलेली नसते. बायोसमध्ये साठवण आरएसटी किंवा व्हीएमडी नावाच्या पद्धतीवर असते. व्हीएमडी बंद करा किंवा एएचसीआय निवडा. एसरच्या अनेक मॉडेलमध्ये हा पर्याय लपवलेला असतो. बायोसच्या 'मेन' पानावर कंट्रोल आणि एस एकत्र दाबल्यावर तो दिसतो.

विंडोज ठेवायचं असेल तर थेट बदल करू नका, विंडोज सुरूच होणार नाही. आधी विंडोजमध्ये 'एमएसकॉन्फिग' उघडून 'सेफ बूट'वर खूण करा, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये जाऊन एएचसीआय निवडा, विंडोजला एकदा सेफ मोडमध्ये सुरू होऊ द्या आणि ती खूण काढा. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, म्हणून खात्याचा खरा पासवर्ड जवळ असू द्या.

टाकून झाल्यावर

लॅपटॉप सरळ विंडोजमध्येच जातो? मिंट गेलेलं नाही. बायोसमधल्या बूट क्रमात 'उबुंटू' नावाची नोंद असते (मिंटचीच, नाव तेवढं ते), ती वर आणा. एसरवर कधी आधी सुपरव्हायझर पासवर्ड ठेवून, लिनक्सची बूट फाइल 'ट्रस्टेड' म्हणून निवडावी लागते. विंडोजच्या अपडेटमुळेही असं होऊ शकतं. ऑगस्ट २०२४ च्या एका अपडेटने काही ड्युअल बूट (दोन्ही व्यवस्था असलेल्या) लॅपटॉपवर जुन्या लिनक्सचं सुरू होणंच रोखलं होतं. त्यावर उपाय होता सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून लिनक्स अपडेट करण्याचा.

विंडोजमधलं घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे गेलं, तर सीमॉसची (आतल्या घड्याळाची) बॅटरी बदलायला धावू नका. मिंट लॅपटॉपच्या आतल्या घड्याळात जागतिक प्रमाणवेळ ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. साडेपाच तास हा आपला आणि ग्रिनिचचा फरक. मिंटच्या 'टाइमडेटसीटीएल' आदेशातला 'सेट-लोकल-आरटीसी' हा पर्याय १ केला की भांडण मिटतं.

मराठीचं काम करणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट आधीच तपासावी. श्रीलिपी किंवा आयएसएम या टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरवर जुन्या फॉन्टमध्ये केलेल्या फाइली त्या फॉन्टशिवाय अगम्य अक्षरांत दिसतात. रोजचं काम त्यांच्यावर किंवा टॅलीवर असेल तर विंडोज पुसू नका, दोन्ही ठेवा.

युनिकोडमध्ये टंकत असाल तर अडचण नाही. एक्सएफसीईमध्ये कीबोर्डच्या सेटिंगमधल्या 'लेआउट' पानावर आधी 'यूज सिस्टिम डिफॉल्ट्स' बंद करावं लागतं, तोवर बाकीची बटणं दबतच नाहीत. मग भारतीय यादीतून मराठी निवडा. तिथे इनस्क्रिप्ट आहे आणि उच्चारानुसार टंकायचा कागप आराखडाही आहे. इनस्क्रिप्टवर 'सुऱ्या'तला ऱ्या हवा असेल, तर शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरकी रेघ आणि शेवटी ई.