सॉल्व्हंट रिकव्हरीत या चुका टाळा

तारापूर, लोटे, महाडच्या एमआयडीसीतल्या बल्क ड्रग (औषधाचा मूळ घटक) आणि इंटरमीडिएट (त्याच्या आधीच्या टप्प्यातली रसायनं) बनवणाऱ्या कारखान्यांना चक्रीय अर्थव्यवस्थेचा सर्वांत रोकडा फायदा मिळतो तो सॉल्व्हंट रिकव्हरीत, म्हणजे वापरलेला द्रावक ऊर्ध्वपातनाने शुद्ध करून पुन्हा वापरण्यात. पण ऊर्ध्वपातनाचा कॉलम बसवूनही हिशेब जुळत नाही, अशी तक्रार नेहमीची. दोष बहुतेकदा कॉलमचा नसतो. माल ड्रम यार्डातच बिघडलेला असतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे मदर लिकर (स्फटिक गाळून उरलेला द्रव) आणि वॉशिंग (स्फटिक धुतलेला द्रव) एकाच टाकीत ओतणं. टोल्युइन ११०.६ अंशांना उकळतं, मेथॅनॉल ६४.७ ला. एवढा फरक असल्यावर दोन्ही आरामात वेगळे होतील असं वाटतं. प्रत्यक्षात ६४ अंशांच्या आसपास दोघांचा ॲझिओट्रोप (ठरावीक प्रमाणात एकत्रच उकळणारं मिश्रण) निघतो आणि मेथॅनॉलसोबत टोल्युइनही पहिल्याच कटमध्ये (सुरुवातीला जमा होणाऱ्या भागात) निघून जातं. रिफ्लक्स (कॉलममध्ये परत सोडलेला द्रव) कितीही वाढवा, वाफ तेवढी जास्त जळेल, बाकी काही नाही. मिश्रण झालंच असेल तर पाणी घालून दोन-तीनदा धुवा: मेथॅनॉल पाण्यात जातं, टोल्युइन वर तरंगतं. खालचा थर कॉलमवर घ्या. मेथॅनॉल-पाण्याचा ॲझिओट्रोप होत नाही. टोल्युइनमधलं पाणी उकळताना डिकँटरमधून (थर वेगळे करणाऱ्या भांड्यातून) काढा. तरीही वेगळी लाइन आणि वेगळ्या रंगाचे ड्रम यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतात.

इथाइल ॲसिटेटची शुद्धता दर फेरीला घसरत असेल तर आधी आम्लता तपासा. आम्लाचा अंश आणि पाणी राहिलं, की तापवताना इथाइल ॲसिटेटचं ॲसेटिक ॲसिड आणि इथेनॉल होतं. इथेनॉल पुन्हा ॲझिओट्रोप करून त्याच्याबरोबरच वर येतं. सौम्य बायकार्बोनेटने धुऊन मगच तापवा.

टीएचएफच्या (टेट्राहायड्रोफ्युरान या द्रावकाच्या) बाबतीत मात्र हयगय नको. त्यात स्फोटक पेरॉक्साइड होऊ नये म्हणून घातलेलं बीएचटी उडत नाही, ते पॉटमध्येच (तापवण्याच्या भांड्यात) राहतं, म्हणून डिस्टिल झालेला माल पेरॉक्साइडपुढे उघडा पडतो. तापवण्याआधी पेरॉक्साइड स्ट्रिप लावा, पॉट कधीही कोरडा होऊ देऊ नका, रिसीव्हरमध्ये लगेच टनाला २५० ग्रॅम बीएचटी घाला आणि वर नायट्रोजन ठेवा.

डायक्लोरोमीथेनचा ताळेबंद जुळत नसेल तर व्हेंटकडे (वाफ बाहेर जाण्याच्या नळीकडे) बघा. ते ४० अंशांना उकळतं. मे महिन्यातलं कूलिंग टॉवरचं पाणी त्याला पुरत नाही. दुसरा कंडेन्सर ब्राइनवर (थंड केलेल्या खाऱ्या पाण्यावर) हवाच.

जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफीच्या चाचणीत) शुद्धता ९९.५ टक्के आली म्हणून माल कुठल्याही बॅचला चालतो, हा समज औषध उद्योगाने फार महागात शिकलाय. २०१८ मध्ये व्हल्सार्टन या रक्तदाबाच्या औषधात नायट्रोसअमाइन ही कर्करोगाचा धोका असलेली अशुद्धी सापडली. पुढे अमेरिकी एफडीएने २०२० च्या मार्गदर्शनात रिकव्हर केलेली सॉल्व्हंट हाही दूषिततेचा एक स्रोत असल्याचं नमूद केलं. त्यामुळे रिकव्हर्ड माल शक्यतो त्याच उत्पादनाच्या त्याच टप्प्यात वापरा, स्पेसिफिकेशनमध्ये त्या टप्प्याच्या अशुद्धींची चाचणी ठेवा आणि ठरलेल्या फेऱ्यांनंतर ताजा माल घ्या. डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मामाइड) या द्रावकात नायट्रोसअमाइनला कारण ठरू शकणारं डायमिथाइलअमाइन वाढतंय का, हे स्वतंत्र बघा.

कागदपत्रांचं थोडक्यात: २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेलं सॉल्व्हंट हा घातक कचरा आहे. साधारण ९० दिवसांपेक्षा जास्त साठवू नका, आणि बाहेर देताना घेणाऱ्याचं ऑथरायझेशन (परवानगी) व मॅनिफेस्ट (कचरा-वाहतुकीचा कागद) बघून घ्या.

पॉटच्या तळाशी उरलेला रेसिड्यू सिमेंट भट्टीत जाळायला पाठवणार असाल तर क्लोरीनवाला ड्रम पहिल्यापासून वेगळा ठेवा. जास्त क्लोरीनमुळे भट्टीच्या प्रीहीटरमध्ये थर जमतात, त्यामुळे असा माल गेटवरूनच परत येऊ शकतो.