भारतीय फुटबॉल संघाच्या प्रशिक्षकांचा इतिहास कसा जुळवावा

बडोद्यात खेळाचा विषय निघाला की तो विजय हजारे यांच्यापासून सुरू होतो आणि गायकवाड पितापुत्रांवर येऊन थांबतो. फुटबॉलची पाळी क्वचितच येते. तरीही गणेशोत्सवातील व्याख्यानासाठी किंवा एखाद्या मंडळाच्या वार्षिक अंकासाठी भारतीय फुटबॉल संघाच्या प्रशिक्षकांविषयी लिहावे, असे मनात येणारी मंडळी आपल्याकडे आहेत, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांचे काम पहिल्याच आठवड्यात एका यादीपाशी अडते. नावांची यादी पाच मिनिटांत मिळते. त्या नावांपुढे नेमके कोणते सामने लिहायचे आणि त्या माणसाच्या हातात संघाचे किती होते, हे ठरवायला मात्र महिने लागतात. ही कामगिरी कशी पार पाडावी, याची माहिती मी माझ्या चुकांसह येथे देत आहे.

सर्वांत आधी एक जाड, आडव्या पानांची हिशेबाची वही घ्यावी. संगणकावर तक्ता करण्यास हरकत नाही, पण पहिली फेरी हाताने लिहिलेली बरी, कारण खोडलेले आणि बदललेले तेथे दिसत राहते. वहीची सुरुवात प्रशिक्षकाच्या नावाने न करता सामन्याने करावी: तारीख, ठिकाण, स्पर्धा, प्रतिस्पर्धी, निकाल, त्यानंतर संघाबरोबर असलेल्या व्यक्तीचे नाव, त्या व्यक्तीचे पद ज्या शब्दांत छापले गेले आहे ते शब्द, आणि ही माहिती कोठे मिळाली ते. एकाच ठिकाणी मिळालेली नोंद पेन्सिलीने लिहावी. परस्परांशी संबंध नसलेल्या दोन ठिकाणी तीच मिळाली की शाई लावावी.

पदाचा रकाना वेगळा ठेवण्याचे कारण थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण सर्वाधिक गोंधळ तेथेच होतो. इंग्लंडमध्ये ज्याला ‘मॅनेजर’ म्हणतात, तो संघ निवडतो, डावपेच ठरवतो आणि पराभवाची जबाबदारी घेतो. आपल्याकडे, विशेषतः जुन्या काळात, परदेश दौऱ्यावर जाणारा मॅनेजर हा बहुधा संघटनेचा पदाधिकारी असे. तिकिटे, निवास, पत्रव्यवहार आणि पैसे हे त्याचे क्षेत्र, आणि खेळ शिकवणारा प्रशिक्षक वेगळा. इंग्रजी वृत्तातील ‘मॅनेजर’ मराठी पत्रात ‘व्यवस्थापक’ होतो, आणि पन्नास वर्षांनी वाचणारा त्या व्यवस्थापकाला प्रशिक्षकांच्या यादीत बसवून मोकळा होतो. इंग्लंडचा इतिहासही या बाबतीत वाटतो तितका सरळ नाही. वॉल्टर विंटरबॉटम १९४६ साली तेथील पहिले मॅनेजर झाले खरे, परंतु संघ निवडण्याचा अधिकार निवड समितीकडेच राहिला होता, आणि तो पूर्णपणे मॅनेजरच्या हाती आला १९६३ साली आल्फ रॅम्से यांच्या वेळी. जर्मनीत १९८४ साली फ्रान्झ बेकेनबाउअर यांच्याकडे संघ सोपवला गेला तेव्हा त्यांच्याजवळ प्रशिक्षकाचा परवाना नव्हता, म्हणून त्यांच्यासाठी ‘टीमशेफ’ असे निराळे नाव वापरण्यात आले. याच नावाखाली त्यांनी १९९० चा विश्वचषक जिंकला. म्हणून पद भाषांतरित न करता छापले असेल तसेच उतरवून घ्यावे, आणि त्याचा अर्थ काय लावायचा हा प्रश्न नंतरसाठी ठेवावा.

साहित्य शोधायला बडोद्यात फार हिंडावे लागत नाही. मांडवीजवळचे मध्यवर्ती ग्रंथालय सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांच्या हातून उभे केले. तेथे जाताना कोणत्या वर्षांचे आणि कोणत्या भाषेतील अंक पाहायचे आहेत, हे कागदावर लिहून न्यावे. ‘फुटबॉलचे काही आहे का’ असे विचारल्यास उत्तर नकारार्थीच येते. वृत्तपत्र वाचताना तारखेची काळजी घ्यावी. अंतिम सामना ४ सप्टेंबरला झाला असेल तर बातमी ५ तारखेच्या अंकात असते, आणि घाईत वाचणारा अंकाची तारीख उतरवतो. खरी तारीख बातमीच्या सुरुवातीला, गावाच्या नावापुढे बारीक टाइपात दिलेली असते.

आता कामाला प्रारंभ कोठून करावा? अखिल भारतीय फुटबॉल महासंघ १९३७ साली स्थापन झाला, परंतु नवख्याने १९४८ च्या लंडन ऑलिंपिकपासून सुरुवात करणे सोयीचे, कारण तेथून नोंदी भरवशाच्या आहेत. त्या संघाचे प्रशिक्षक बलाईदास चटर्जी होते आणि कर्णधार तालिमेरेन आओ. फ्रान्सविरुद्धचा सामना ३१ जुलै रोजी इलफर्ड येथे झाला. भारताने दोन पेनल्टी वाया घालवल्या, सारंगपाणी रमण यांनी बरोबरी साधली आणि अखेरच्या क्षणी फ्रान्सने २-१ अशी बाजी मारली. ही एक ओळ नीट भरून झाली की वहीचा साचा तयार होतो.

यानंतर सय्यद अब्दुल रहीम येतात, आणि त्यांच्यापाशी थांबावेच लागते. हैदराबादचे रहीम पेशाने शिक्षक होते. १९५१ च्या दिल्लीतील आशियाई स्पर्धेत मेवालाल यांच्या गोलाने इराणला हरवून भारताने सुवर्णपदक मिळवले ते त्यांच्या मार्गदर्शनाखाली. पुढल्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने १०-१ असा धुव्वा उडवला, तेव्हाही प्रशिक्षक तेच. गौरवपर लेखांत पहिली ओळ असते आणि दुसरी गळते; आपल्या वहीत दोन्ही एकाखाली एक आल्या पाहिजेत. शिवाय त्या दारुण पराभवाचा परिणाम मोठा आहे, कारण अनवाणी खेळण्याची पद्धत त्यानंतर बंद झाली आणि बूट सक्तीचे झाले. (१९५० च्या विश्वचषकाला आपण अनवाणी खेळू दिले नाही म्हणून गेलो नाही, अशी कथा सांगितली जाते. हेलसिंकीची ही ओळ लिहिताना तिच्याकडे सावधपणे पाहावे. प्रवास, सरावाला मिळालेला अपुरा वेळ आणि ऑलिंपिकला दिलेले अधिक महत्त्व या कारणांकडे त्या कथेत दुर्लक्ष होते.) १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये नेव्हिल डिसूझा यांच्या तीन गोलांमुळे ऑस्ट्रेलिया ४-२ ने हरला आणि भारत चौथा आला. १९६० साली रोममध्ये फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी झाली. त्या चमूत रहीम यांचे चिरंजीव सय्यद शाहिद हकीम हेही होते.

प्रशिक्षकाचे काम सामन्याच्या तपशिलातून कसे वाचावे, हे शिकण्यासाठी १९६२ ची जाकार्ता येथील आशियाई स्पर्धा घ्यावी. इस्रायल व तैवान यांना वगळल्याबद्दल भारतीय क्रीडा पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी घेतलेल्या हरकतीमुळे प्रेक्षक भारताविरुद्ध खवळलेले होते. पहिलाच सामना दक्षिण कोरियाने २-० असा जिंकला. पुढे थायलंड व जपान यांना हरवताना बचावपटू जर्नेलसिंग यांच्या डोक्याला जखम झाली. उपांत्य सामन्यापासून रहीम यांनी त्यांना चक्क आघाडीला खेळवले, आणि दक्षिण व्हिएतनामविरुद्ध तसेच अंतिम सामन्यातही त्यांनी गोल केला. आजारातून उठलेल्या पीटर थंगराज यांना अंतिम सामन्यात गोलरक्षक म्हणून उतरवण्याचा निर्णयही असाच धाडसाचा. ज्या कोरियाने आरंभी हरवले होते, त्यालाच प्रदीपकुमार बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांच्या गोलांवर २-१ असे नमवून सुवर्ण आले. पहिल्या आणि अखेरच्या सामन्याच्या खेळाडूंच्या याद्या शेजारी शेजारी लिहाव्यात. कोण कोठून कोठे हलला यावर बाण काढावा. ‘ब्राझीलच्या आधी रहीम यांनी ४-२-४ रचना आणली’ (चार बचावाला, दोन मध्यभागी, चार आघाडीला) या नेहमीच्या दाव्याचीही हीच कसोटी: कोणता सामना, कोण कोणत्या जागी खेळला, आणि हे त्याच वेळी कोणी लिहिले आहे काय? उत्तर मिळेपर्यंत दावा पेन्सिलीत राहू द्यावा.

माझी चूक येथलीच. काही वर्षांपूर्वी दांडिया बाजारातील एका सभागृहात लावलेल्या तक्त्यावर मी १९६४ च्या आशियाई चषकाचे उपविजेतेपद रहीम यांच्या खात्यात टाकले होते. तो संघ रहीम यांनीच घडवलेला होता, हे मनात पक्के बसलेले. श्रोत्यांतील एका निवृत्त शिक्षकांनी उठून अत्यंत नम्रपणे विचारले की, ११ जून १९६३ रोजी वारलेल्या गृहस्थांनी इस्रायलमध्ये संघ कसा खेळवला. त्या स्पर्धेत प्रशिक्षक होते हॅरी राइट हे इंग्रज. तेव्हापासून मी प्रत्येक प्रशिक्षकाच्या पानावर सर्वांत वर जन्म, मृत्यू आणि नेमणुकीच्या तारखा लिहितो, आणि मगच सामन्यांकडे वळतो. संघ कोणी घडवला हा विचार महत्त्वाचा आहेच. त्यासाठी निराळा शेरा लिहावा, पण सामना ज्याच्या हाती होता त्याच्याच नावावर ठेवावा.

दोन नावे एकत्र आली तर एक खोडू नये. १९७० च्या बँकॉक येथील आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवणाऱ्या संघाबाबत काही ठिकाणी जी. एम. एच. बाशा यांचे एकट्याचे नाव मिळते, तर काही ठिकाणी प्रदीपकुमार बॅनर्जीही जोडलेले असतात. दोन्ही नावे स्रोतासह लिहावीत. त्याच स्पर्धेचे कर्णधार सय्यद नईमुद्दीन पुढे स्वतः प्रशिक्षक झाले, आणि तेही एकापेक्षा अधिक वेळा. अशा माणसांसाठी प्रत्येक कार्यकाळाची वेगळी ओळ करावी. बडोदेकरांना हे समजावून सांगावे लागू नये: आपले अंशुमान गायकवाड क्रिकेट संघाचे प्रशिक्षक १९९७ ते १९९९ या काळात होते आणि २००० साली पुन्हा झाले, दोन्ही एकत्र केल्यास मधला काळ त्यांच्या माथी बसतो. स्टीफन कॉन्स्टंटाइन यांचेही तसेच आहे. २००२ ते २००५ हा त्यांचा पहिला काळ, २०१५ ते जानेवारी २०१९ हा दुसरा, आणि दोन्ही वेळचे संघ जवळजवळ पूर्णपणे निराळे.

परदेशी नावांचे लेखन हा कंटाळवाणा पण टाळता न येणारा भाग. १९८४ च्या आशियाई चषकासाठी संघ पात्र करणारे युगोस्लाव्ह प्रशिक्षक मिलोव्हान चिरिच हे कोठे ‘सिरिक’ तर कोठे ‘किरिक’ म्हणून भेटतात, आणि अलीकडचे प्रशिक्षक इगोर श्टिमाच यांचे ‘स्टिमॅक’ तर सर्रास होते. भारताचे आणखी एक प्रशिक्षक, हंगेरीचे योझेफ गेलेई, १९६६ च्या विश्वचषकात गोलरक्षक होते. हंगेरीत आडनाव आधी लिहितात, त्यामुळे त्यांची नोंद उलटीही सापडते. मूळ भाषेतील उच्चारास जवळचे एक रूप ठरवून सर्वत्र तेच वापरावे आणि इतर रूपांची सूची वहीच्या शेवटी द्यावी.

आकड्यांनी प्रशिक्षकांची तुलना करण्याचा मोह प्रत्येकाला होतो, आणि येथे माझे मत थोडे कठोर आहे. उझबेक प्रशिक्षक रुस्तम अक्रामोव यांच्या काळात, फेब्रुवारी १९९६ मध्ये, भारत जागतिक क्रमवारीत ९४ वा होता. कॉन्स्टंटाइन यांच्या दुसऱ्या कार्यकाळात १७३ वरून जुलै २०१७ मध्ये ९६ वा झाला. हे दोन आकडे शेजारी ठेवून निष्कर्ष काढणे चूक आहे, कारण क्रमवारी काढण्याची रीत मध्यंतरी १९९९ आणि २००६ साली बदलली, आणि पुढे २०१८ साली पुन्हा बदलली. सामन्यांचेही तेच. ऑलिंपिकमध्ये १९९२ पासून आणि आशियाई स्पर्धांत २००२ पासून २३ वर्षांखालील खेळाडूंचा नियम आला, त्यामुळे रहीम यांचे ऑलिंपिक सामने आणि आजचे आशियाई स्पर्धेतील सामने एकाच रकान्यात मोजता येत नाहीत. डच प्रशिक्षक विम कूव्हरमान्स यांच्या संघाने २०१२ चा नेहरू चषक कॅमेरूनला पेनल्टीवर हरवून जिंकला, पण तो कॅमेरूनचा दुय्यम संघ होता. अशा ओळीपुढे तारांकन करून खाली खुलासा द्यावा. विजय पुसण्याचे कारण नाही.

बॉब हॉटन यांच्यासारख्यांची नोंद तुलनेने सोपी जाते. २००६ ते २०११ असा सलग काळ, २००७ व २००९ चे नेहरू चषक, २००८ च्या आशियाई चॅलेंज चषकाच्या अंतिम सामन्यात सुनील छेत्री यांच्या तीन गोलांसह ताजिकिस्तानवर ४-१ असा विजय, आणि त्यातून २७ वर्षांनी आशियाई चषकात प्रवेश. त्यांच्यानंतरच्या काही महिन्यांत आर्मांदो कुलासो व साव्हियो मदैरा यांची नावे जवळजवळ येतात. त्यातील हंगामी कोण आणि कायम कोण, हे महासंघाच्या घोषणेच्या तारखेवरून ठरवावे.

अलीकडच्या नोंदी घाईने शाईत लिहू नयेत. इगोर श्टिमाच मे २०१९ मध्ये आले आणि विश्वचषक पात्रतेच्या पुढील फेरीत जाता न आल्याने १७ जून २०२४ रोजी त्यांना काढण्यात आले. त्यांच्या जागी आलेले मानोलो मार्केझ त्याच हंगामात एफसी गोवा संघाचेही प्रशिक्षक होते. पदाच्या रकान्यात ही दुहेरी नेमणूक लिहिल्याशिवाय त्यांच्या आठ सामन्यांतील एकमेव विजयाचा अर्थ लागत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये नेमलेले खालिद जमील हे मदैरा यांच्यानंतरचे पहिले कायम भारतीय प्रशिक्षक. त्यांच्या ओळीत सुरुवातीची तारीख आणि ओमानला पेनल्टीवर हरवून मिळवलेले मध्य आशियाई स्पर्धेतील तिसरे स्थान, एवढे शाईने लिहिता येते. ‘पर्यंत’ हा रकाना मोकळा ठेवावा, आणि त्याखाली पान संपेपर्यंत ओळी आखून ठेवाव्यात.